दगडी खोलीत सबवूफर जोडला, पण खर्ज बैठकीवरूनच नाहीसा होतो

लष्करवासी:
नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजजवळच्या जुन्या वाड्यात आम्ही राहतो. गाणे ऐकण्याची खोली १४ फूट लांब, ११ फूट रुंद आणि ११ फूटच उंच असून भिंती दगडी आहेत व छतही दगडी पाटांचे आहे. ५ इंची वूफरचे दोन लहान स्पीकर आणि साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर यांवर माझे समाधान होते. पण तानसेन समारोहात ध्रुपदासोबतचा पखवाज अगदी पुढे बसून ऐकला आणि कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा तो भरदार नाद आपल्या घरी का उमटत नाही, याची रुखरुख लागून राहिली. म्हणून १० इंची सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) घेतला. ॲम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळे आउटपुट नसल्यामुळे विक्रेत्याच्या माणसाने तो रेकॉर्डिंगच्या आउटपुटाला जोडून कोपऱ्यात ठेवला. आता आवाज लहान ठेवला की नुसता सबवूफर घुमतो आणि मोठा केला की तो ऐकूच येत नाही. शिवाय खोलीच्या बरोबर मध्ये असलेल्या तख्तावर बसले की खर्ज गायब, आणि दाराशी कोपऱ्यात उभे राहिले की छाती दणाणते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारणा केली आहे. चूक सबवूफरची की खोलीची?

सोल्डरवाला:
पहिली चूक जोडणीची आहे. रेकॉर्डिंगच्या आउटपुटातील संकेत व्हॉल्यूमच्या बटणाआधीच बाहेर पडतो, त्यामुळे आपण बटण कितीही फिरवले तरी सबवूफर आपल्याच पातळीवर वाजत राहतो. सबवूफरच्या पाठीमागे स्पीकरच्या तारा घेणारे टर्मिनल असतील, तर ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या स्पीकर टर्मिनलांपासूनच दुसरी जोडी तिकडे न्यावी. सबवूफर तेथून नगण्य विद्युतप्रवाह घेतो, म्हणून ॲम्प्लिफायरवर भार पडत नाही. मात्र ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा (ज्याच्या काळ्या टर्मिनलांतूनही संकेत वाहतो असा) असेल, तर त्याची काळी टर्मिनले एकमेकांशी किंवा अर्थिंगशी जोडली जाणार नाहीत याची खात्री माहितीपत्रक पाहून आधी करून घ्यावी. पुढे गुणगुण ऐकू आलीच, तर दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावून पाहावीत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया मानू नये.

खर्जप्रेमी:
खोलीचा हिशेब मी मांडतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्याला लांबीच्या दुपटीने भागले की समोरासमोरच्या दोन भिंतींमधला सर्वांत खालचा अनुनाद, म्हणजे खोली ज्या स्वरावर आपोआप घुमते तो, मिळतो. आपल्या १४ फुटांसाठी तो सुमारे ४० हर्ट्झ आणि ११ फुटांसाठी सुमारे ५१ हर्ट्झ येतो. रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे ५१ हर्ट्झवर दोन अनुनाद एकावर एक येतात, आणि दगडी भिंत खर्ज फारसा शोषत नाही, म्हणून तो रेंगाळतो. अशा अनुनादाचा दाब भिंतीशी सर्वाधिक व दोन भिंतींच्या मधोमध जवळजवळ शून्य असतो. आपले तख्त नेमके त्या शून्यावर आहे आणि दाराचा कोपरा शिखरावर. तेव्हा विक्रेते सांगतात तसा आवाज वाढवून काही साधणार नाही. शून्याला कितीने गुणले तरी शून्यच, त्रास मात्र काकूंना.

तख्त मागे सरकवून आपले डोके मागच्या भिंतीपासून सव्वापाच फुटांवर येईल असे पाहा. मग सबवूफर उचलून तख्तावर, आपण बसतो तिथेच ठेवा, बासचे एखादे संथ गाणे लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत जिथे प्रत्येक स्वर सारखा ऐकू येतो ती जागा शोधा. सबवूफर तिथे ठेवायचा. हे करताना घरात पाहुणे नसावेत.

पखवाजाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते, आणि आपले ५ इंची वूफर बहुधा त्याच आसपास दमू लागतात. म्हणजे आपल्या संगीताचा खर्ज नेमका स्पीकर आणि सबवूफर यांच्या सांध्यावर पडतो. क्रॉसओव्हर (सबवूफरने ज्याच्या खालचेच स्वर वाजवायचे ती सीमा) ६० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. मोबाईलवरून ६५ हर्ट्झचा अखंड स्वर लावा, बैठकीवर बसा, आणि घरातल्या कोणाला तरी सबवूफरवरचा फेजचा खटका (पडद्याची हालचाल सरळ की उलट हे ठरवणारा) ० व १८० अंशांमध्ये बदलायला सांगा. ज्या बाजूला स्वर मोठा ऐकू येईल, ती बाजू बरोबर. गेन, म्हणजे सबवूफरच्या स्वतःच्या आवाजाचे बटण, सगळ्यात शेवटी, आणि कंजूषपणाने.

जुनी तबकडी:
वरील सर्व मान्य करून एक पुस्ती. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीच्या, भोंग्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्यांत खर्ज जवळजवळ नाहीच, त्यामुळे त्या ऐकताना सबवूफर सरळ बंद ठेवावा. वाकलेली एलपी लावलीत तर सुई २० हर्ट्झच्याही खालची हालचाल करते आणि सबवूफरचा पडदा काहीच ऐकू येत नसताना पुढेमागे डोलू लागतो. त्यात कौतुकाचे काही नाही, शक्ती वाया जाते.

लष्करवासी:
सर्वांचे आभार. रविवारी सकाळी जोडणी बदलली आणि रांगलो. आईने काय हरवले म्हणून विचारले. जागा मिळाली ती दोन स्पीकरांच्या मध्ये, समोरच्या भिंतीच्या जवळपास मध्यावर. फेजचा खटका १८० वर नेताच ६५ हर्ट्झचा स्वर इतका उठून आला की इतके दिवस स्पीकर आणि सबवूफर एकमेकांनाच खोडत होते, हे लक्षात आले. आता गेन पूर्वीच्या निम्म्यावर आहे, तरी पखवाजाचा 'धा' जमिनीतून उठल्यासारखा येतो. दाराशी घुमणे कमी झाले, पूर्ण गेले नाही.

खर्जप्रेमी:
समोरच्या भिंतीच्या मध्यावरून रुंदीचा अनुनाद चेतत नाही, म्हणून ते कमी झाले. उंचीचा राहिलाच, कारण सबवूफर जमिनीवरच आहे. काकूंसाठी रात्री दहानंतर गेन आणखी थोडा उतरवा.