समुद्राखालचं पुरातत्त्व शिकायचंय, सुरुवात कुठून करावी?

लेकीची_आई: नमस्कार मंडळी. मुलगी पुण्यात बीए इतिहास करतेय, शेवटचं वर्ष. बुडालेल्या जहाजांचा अभ्यास करायचा हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणते आधी स्कूबा शिकते, बाकीचं मग बघू. आमच्यात या वाटेला कुणीच गेलेलं नाही त्यामुळे आधी काय नि नंतर काय तेच कळेना. आपल्याकडे असं काम होतं का? सुट्टीत तिला काय दाखवता येईल तेही सांगा.

दर्यावर्दी: होतं की ताई! गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, द्वारकेच्या समुद्रातलं पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांचं काम तिथलंच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचाही पाण्याखालच्या कामासाठी वेगळा विभाग आहे, त्यांनी लक्षद्वीपला प्रिन्सेस रॉयल या जहाजाचं उत्खनन केलंय. पण स्कूबा आधी नको, हे माझं स्पष्ट मत. डेक्कन कॉलेज पुण्यातच आहे, तिथे पुरातत्त्वात एमए करू दे, खापरं ओळखणं, मोजमापं, ड्रॉइंग हे सगळं आधी जमिनीवर हातात बसू दे. १९६० साली तुर्कस्तानात केप गेलिडोन्याला एका बुडालेल्या प्राचीन जहाजाच्या उत्खननासाठी जॉर्ज बास उतरला तो मुळात पुरातत्त्वाचा विद्यार्थी, डायव्हिंग शिकला ते त्या कामासाठीच. डायव्हिंग काय, तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेतही शिकता येईल.

मांडवीकाठ: +१. एक गोव्यातलंच उदाहरण देते. सेंट जॉर्जेस रीफवर (रीफ म्हणजे समुद्रातला खडकाळ उंचवटा) जहाजाचे अवशेष मिळाले, त्यात कौलं, फरशा, खांबांचे मातीचे भाजलेले तुकडे असा इमारतीचा माल होता आणि त्यावर बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५ असा छाप. म्हणजे आपल्या कोकणातल्या घरांवर असतात ना मंगळुरी कौलं, त्यांच्याच घराण्यातली. आता १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं साल, म्हणजे जहाज त्याच्या नंतरच कधीतरी बुडालं, एवढं एका कौलावरून ठरतं! जवळच्याच सुंची रीफवर मात्र १७ व्या शतकातल्या पोर्तुगीज व्यापाराचा माल, हत्तीचे नि पाणघोड्याचे दात, चिनी भांडी. आपल्या उबदार पाण्यात लाकूड पोखरणारे किडे जहाज फस्त करतात, त्यामुळे बहुतेक वेळा मालावरूनच सगळं ओळखायचं. म्हणून खापरं आधी, दर्यावर्दी म्हणतात ते अगदी बरोबर.

लेकीची_आई: खूप आभार दोघांचे. अजून एक, तिचे कान लहानपणापासून नाजूक आहेत, डायव्हिंग नाहीच जमलं तर?

मांडवीकाठ: आधी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा. नाही जमलं तरी सोनारचं (sonar, आवाजाच्या लहरींनी समुद्राचा तळ तपासायचं यंत्र) काम आहे, जुने नकाशे-कागदपत्रं आहेत, संवर्धन तर आहेच. स्वीडनचं वासा जहाज १६२८ ला बुडालं, १९६१ ला वर काढलं, आणि लाकूड वाळून तडकू नये म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाचे फवारे १७ वर्षं मारत होते! हे सगळं काम कोरड्यातलं. परदेशात जायचं झालं तर साउथॅम्प्टन, टेक्सास ए अँड एम आणि ऑस्ट्रेलियातलं फ्लिंडर्स बघा, पण खर्च भरपूर आहे, स्कॉलरशिपचं आधीच बघून ठेवा.

दर्यावर्दी: आणि सुट्टीत विजयदुर्गला न्या ताई. किल्ला बघालच, पण जवळ गिर्ये गावात वाघोटन खाडीला मराठी आरमाराची गोदी आहे ती चुकवू नका. तिकडच्या कोळी मंडळींशी तिला निवांत बोलू दे, जाळं कुठल्या खडपाला नि कशाला अडकतं ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघा, ओहोटीलाच नीट दिसतं.