ए-304 च्या काकूंचा इंटरनेट फोन: संगणक लागतो की नाही?

ए-304: सर्व सभासदांना नमस्कार. आमचा तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी गेल्या महिन्यात कायमचा बंद झाला. माझ्या भाच्याने जर्मनीला जाताना, त्याच्या कार्यालयाने मोडीत काढलेला एक टेबलावरचा इंटरनेट फोन मला दिला होता. आज तो मी भिंतीतल्या जुन्या खाचेला जोडून पाहिला. वायर दोन्ही टोकांना नीट बसली, पण पडदा उजळला नाही आणि डायल टोनही आला नाही. फोनच्या मागे एका खाचेवर ‘पीसी’ असे लिहिले आहे. म्हणजे याला संगणक लागतो का? माझ्याकडे संगणक नाही आणि आता घेण्याची इच्छाही नाही.

बी-101: काकू, माझ्या माहितीप्रमाणे संगणक लागतोच. आमची मुलगी परदेशात होती तेव्हा आम्ही दोघे हेडफोन लावून संगणकासमोर बसत असू, आणि संगणक बंद असला की तिचा फोन आम्हाला कळतही नसे.

सी-702: काकू, संगणक अजिबात लागत नाही. बी-101 सांगतात तो काळ खराच होता. 1995 मध्ये व्होकलटेक कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याचा प्रोग्राम बाजारात आणला, तेव्हा माइक, स्पीकर आणि संगणक यांवाचून काहीच होत नसे. आपल्याकडे तर इंटरनेट कंपन्यांना अशी सेवा देण्याची मुभाच 1 एप्रिल 2002 पासून मिळाली. तुमच्या हातातला फोन त्याच्या पुढच्या पिढीचा आहे. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणे, त्याची सेकंदाला साधारण 50 छोटी पाकिटे करून पाठवणे आणि आलेली पाकिटे पुन्हा आवाजात बदलणे हे सर्व तो स्वतःच करतो. ‘सिप’ नावाच्या नियमावलीनुसार तो ठरावीक वेळाने आपल्या सेवा देणाऱ्या सर्व्हरकडे ‘मी या पत्त्यावर आहे’ अशी हजेरी लावत राहतो, आणि म्हणूनच बाहेरून आलेला फोन त्याला शोधून काढू शकतो. ‘पीसी’ची खाच ही केवळ कार्यालयाची सोय आहे: प्रत्येक टेबलापर्यंत एकच केबल येत असल्यामुळे ती आधी फोनला देतात आणि फोनमधून पुढे संगणकाला नेतात. तुम्ही ती रिकामी ठेवावी.

तुमचा फोन मुका राहिला याचे कारण वेगळे आहे. जुन्या दूरध्वनीची चिंचोळी पिन नेटवर्कच्या रुंद खाचेत बसते खरी, पण त्या वायरीत इंटरनेट नाही. फायबरच्या राउटरवरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेतून फोनच्या ‘लॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या खाचेत रुंद पिनेची केबल लावावी लागेल. तसेच फोनबरोबर अडॅप्टर आला आहे का, हे कृपया कळवावे.

ए-304: अडॅप्टर नाही. भाचा म्हणाला की कार्यालयात तो कधी लावलाच नव्हता.

सी-702: मला हीच शंका होती. मोठ्या कार्यालयांत नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज पुरवतात. 2003 मध्ये ठरलेल्या मानकाप्रमाणे त्या केबलमधून साधारण 48 व्होल्टने 15.4 वॉटपर्यंत वीज देता येते. घरातला राउटर बहुधा अशी वीज देत नाही. तेव्हा एक तर नेटवर्कच्या केबलमध्ये वीज सोडणारी ‘पीओई इंजेक्टर’ नावाची डबी मध्ये जोडावी लागेल किंवा फोनच्या तळाशी छापलेल्या व्होल्टेजचाच अडॅप्टर आणावा लागेल. काही फोन 5 व्होल्टवर चालतात, काही 12 वर, तर काही 48 वर. घरातला एखादा पडून असलेला अडॅप्टर पिन बसते म्हणून लावून पाहण्याचा मोह कृपया कोणीही काकूंना घालू नये.

डी-503: काका, सेटिंग करण्यासाठी तरी संगणक लागेलच ना? मी माझा लॅपटॉप आणून देऊ का?

सी-702: आभारी आहे, परंतु त्याचीही गरज नाही. फोनच्या मेन्यूत त्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, दिसतो. तो पत्ता त्याच वायफायवर असलेल्या कोणत्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकला की फोनचे सेटिंगचे पान उघडते. फोनच्या बटणांवरूनही सर्व भरता येते, पण अंकांच्या बटणांवर एकेक अक्षर शोधत लांबलचक पासवर्ड लिहिण्याची शिक्षा मी एकदा भोगली आहे. खरी अडचण दुसरी असू शकते: जुन्या कार्यालयाच्या सर्व्हरशी हा फोन कुलूपबंद केलेला असेल, तर आधी तो मूळ स्थितीत आणावा लागेल आणि तेही न जमल्यास त्याचा उपयोग केवळ कागद दाबण्यापुरता राहील. फोन मूळ स्थितीत आल्यावर त्याचा ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड पहिल्यांदा बदलायचा, कारण पैसे भरलेल्या खात्याचा ताबा परक्याने घेतला, तर तो रात्रभर परदेशी नंबर लावत बसतो आणि बिल मात्र खातेदाराच्या नावावर येते.

बी-101: माझा समज चुकीचा होता, हे मान्य. मग मीही असा फोन घ्यावा का? आमच्याकडे नातवंडांचे गेम आणि व्हिडिओ दिवसभर सुरू असतात. इंटरनेटचा वेग पुरेल का?

सी-702: वेग भरपूर पुरेल. चांगल्या प्रतीच्या आवाजाचा प्रवाह सेकंदाला 64 किलोबिटचा असतो आणि पाकिटांवरचे पत्ते वगैरे धरून तो प्रत्येक दिशेला 90 च्या आत राहतो. आवाज तुटतो तो पाकिटे उशिरा किंवा मागेपुढे पोहोचल्यामुळे. कोणी मोठा व्हिडिओ वर चढवत असेल, तर राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य देण्याची सोय सुरू करावी. ‘मला त्यांचे ऐकू येते, त्यांना माझे येत नाही’ असे झाले, तर फोनला दोष देण्याआधी राउटरमधली ‘सिप एएलजी’ नावाची सोय बंद करून पाहावी. मदतीसाठी ठेवलेली ही सोय पुष्कळदा पाकिटांवरचे पत्ते बिघडवून ठेवते.

ए-304: आता मला एवढेच विचारायचे आहे की यावरून गॅस नोंदवता येईल का आणि रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन लागेल का?

सी-702: काकू, हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाचा त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी ज्या मोफत सेवेवर खाती उघडणार असेल, तिच्यावरून तुम्ही दोघे एकमेकांशी बोलू शकाल. पण ते खाते म्हणजे सार्वजनिक दूरध्वनी नव्हे. त्यावरून गॅस, डॉक्टर किंवा 112 लागणार नाही. इंटरनेटवरून सर्वत्र बोलता येईल असा भारतीय क्रमांक परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावा लागतो. 2018 मध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ नावाने दिलेली सेवा त्याच प्रकारची होती.

त्याहून मोठा फरक विजेचा आहे. मी एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. तिथल्या बॅटऱ्यांचे 48 व्होल्ट त्याच दोन तारांतून घरातल्या फोनपर्यंत येत असत, त्यामुळे गावभर अंधार असला तरी काळा फोन वाजत असे. आता फायबरचा डबा, राउटर आणि हा फोन अशा तिघांना घरातली वीज लागते. त्यांपैकी एक जरी बंद पडला तरी फोन मुका होतो. आपला जनरेटर केवळ लिफ्टला आणि पंपाला वीज देतो. राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस घेतला, तरी फोनचा अडॅप्टर त्यावर चालेलच असे नाही.

म्हणून माझे मत असे आहे की भाच्याशी बोलायला हा फोन जरूर ठेवावा, परंतु रोजच्या वापरासाठी तुमचा जुना बटणांचा फोन फेकू नये. बहुतेक फायबरच्या डब्यांवर ‘फोन’ किंवा ‘टेल’ लिहिलेली एक चिंचोळी खाच असते. तुमच्या जोडणीत दूरध्वनी क्रमांक समाविष्ट असेल, तर जुना फोन तिथे लावताच डायल टोन येईल. त्यालाही वीज लागतेच, त्यामुळे मोबाइल चार्ज करून उशाशी असू द्यावा.

सचिव: सोसायटीचे इंटरकॉम यंत्र कार्यालयातल्या स्वतंत्र बॅटरीवर आहे, त्यामुळे वीज गेल्यावरही सुरक्षारक्षकांच्या चौकीला 9 दाबून फोन लागतो, हे सर्वांनी लक्षात ठेवावे. काकू, इंटरकॉमची खाच कृपया या प्रयोगातून वगळावी.

ए-304: वगळते. पण त्या मोफत सेवेवरचा भाच्याचा पत्ता ईमेलसारखा आहे आणि या फोनवर तर नुसते अंक आहेत. तो लावायचा कसा?

सी-702: पडद्याशेजारच्या पहिल्या बटणात तो पत्ता मी साठवून देईन. तुम्ही रिसीव्हर उचलून तेवढे एकच बटण दाबायचे. शनिवारी सकाळी इंजेक्टर घेऊन येतो. मूळ स्थितीत आणल्यावर फोनचे घड्याळ चुकीची वेळ दाखवेल, तेही भारतीय वेळेवर आणून ठेवतो.

ए-304: घड्याळ जर्मनीच्या वेळेवरच ठेवता येईल का? भिंतीवर माझे घड्याळ आहेच. त्याच्याकडे किती वाजले आहेत ते कळले, म्हणजे त्याला झोपेतून उठवायला नको.

सी-702: नक्की ठेवता येईल. फक्त आलेल्या फोनांच्या यादीतही तीच वेळ दिसेल, तेवढे लक्षात असू द्यावे.