एकच इमेज सगळ्या बोर्डांना का चालू नये?

तांबडा_दिवा (धागाकर्ता)

माझ्या खणात सात एसडी कार्डं आहेत, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर बोर्डाचं, म्हणजे एका पाटीवरच्या छोट्या संगणकाचं, नाव. प्रत्येक कार्डावर त्या-त्या बोर्डाची इमेज, म्हणजे अख्खी ओएस भरलेली एक फाइल, लिहिलेली. पावसाळी हवेत दोन पट्ट्या निघाल्या आणि ऑलविनर चिपच्या बोर्डाचं कार्ड रॉकचिप चिपच्या बोर्डात गेलं. तांबडा दिवा लागला, पुढे काही नाही. बूट होतानाचे संदेश दाखवणारी सिरीयल केबल लावली, तिकडेही शुकशुकाट. अख्खी संध्याकाळ पॉवर सप्लाय बदलत बसलो.

आता गंमत बघा. दोन्ही कार्डांवर डेबियन लिनक्स तेच, ६४ बिट आर्म प्रोसेसरांसाठीचा आर्म६४ कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, तोही तोच. फरक होता तो कार्डाच्या सुरुवातीच्या काही एमबीत. ऑलविनरचा बूट रॉम (चिपमध्येच कोरलेला पहिला प्रोग्रॅम) यू-बूटचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, पहिला तुकडा ८ केबीवर शोधतो, रॉकचिपचा ६४व्या सेक्टरला, म्हणजे ३२ केबीवर. रास्पबेरी पायला फॅट पार्टिशनमधल्या स्वतःच्या फायली लागतात. एवढ्यासाठी अख्खी इमेज बोर्डागणिक वेगळी बांधायची, वेगळी साठवायची, वेगळी उतरवून घ्यायची. अशा बोर्डांसाठी लिनक्स बनवणारे आर्मबियनवाले तर शंभरावर बोर्डांसाठी हे करतात. मेहनतीला सलाम, पण पद्धत पटत नाही.

कर्नलवाल्यांनी आपला पसारा केव्हाच आवरायला घेतला. २०११ मध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स आर्मच्या कोडवरून जाहीरपणे वैतागले. बोर्डांची माहिती डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फायलीत जायला लागली आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून एकच आर्म कर्नल निरनिराळ्या चिप्सवर चालू लागला. इमेज बांधणारे अजून जुन्याच गल्लीत फिरतायत.

माझं म्हणणं एवढंच: फर्मवेअर (बोर्ड सुरू करणारा कोड) आणि ओएस यांची फारकत करा. ज्या बोर्डावर एसपीआय फ्लॅश (बोर्डावरच बसवलेली छोटी मेमरी चिप) आहे तिथे यू-बूट त्यात टाका. यू-बूटला यूईएफआय (पीसी सुरू होण्याची ठरलेली पद्धत) येतं, ते पीसीसारखं ठरलेल्या फोल्डरातून बूटलोडर उचलेल. मग इमेज एकच, कुठल्याही कार्डावर लिहा.

पेटीवाला

धागाकर्ते, तुमचं सात कार्डांचं दुःख कळलं, पण माझ्या पेटीत कार्डच नाही.

आम्ही द्राक्षबागांसाठी कंट्रोलर बनवतो, नाशिककडे. आत १६ एमबी फ्लॅश. त्यात कर्नल, रूट फाइलसिस्टीम, सेटिंग आणि थोडी सांडलवंड. तुमच्या 'सगळ्यांना चालणाऱ्या' कर्नलची नुसती ड्रायव्हरांची मोड्यूल्सच शेकडो एमबी भरतात. राउटरांसाठी लिनक्स बनवणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीकडे बघा: १९.०७ आवृत्तीनंतर त्यांनी ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या राउटरांना रामराम केला, कारण नेमकी त्या राउटरपुरती बांधलेली इमेजसुद्धा मावेना. तिथे एकच इमेज म्हणजे लहान-थोर सगळ्यांना एकाच मापाचा सदरा.

दुसरं, चाचणी. मी पेटीवर जी फाइल टाकतो तीच, बाइटला बाइट, टेबलावर आठवडाभर चालवलेली असते. 'कुठेही चालेल' म्हणजे माझ्या पेटीवर कोणी चालवून बघितलेली नाही.

कोरडी_चटणी

शुकशुकाट असणारच हो, कार्डात काही सापडलं नाही तर रॉकचिपचा बूट रॉम चकार शब्द काढत नाही. आणि बोलला असता तरी त्यांचं यू-बूट बहुधा १५,००,००० बॉडने (बॉड म्हणजे सिरीयल केबलचा वेग) बोलतं. तुम्ही १,१५,२०० ला लावून बसला असणार. कबूल करा.

तांबडा_दिवा

कबूल. :)

पेटीवाले, तुमच्या १६ एमबीला मी हात लावत नाहीये. मी कार्डावर, ईएमएमसीवर (बोर्डावरच्या मोठ्या साठवणुकीच्या चिपवर) चालणाऱ्या बोर्डांबद्दल बोलतोय.

गाभारा

मूळ कल्पनेत दोन भोकं आहेत.

सगळ्यांची यू-बूट एकाच इमेजमध्ये कोंबायचा विचार कोणाच्या डोक्यात येण्याआधी हिशेब करा. ऑलविनरचा तुकडा ८ केबीला सुरू, ३२ केबीपर्यंत मोठा, म्हणजे ४० केबीपर्यंत जातो. रॉकचिपचा ३२ ला सुरू. झाली टक्कर. शिवाय ८ केबी म्हणजे जीपीटीच्या तक्त्याच्या मधोमध (पार्टिशनचा तक्ता हो, गप्पा मारणारा नव्हे). नव्या ऑलविनर चिप्स १२८ केबीवरही बघतात म्हणून तिथे निभावतं, जुन्या नाही बघत.

दुसरं भोक मोठं आहे. यू-बूट एसपीआयमध्ये टाकलं की कर्नलला डिव्हाइस ट्री कोण देणार? फर्मवेअरने द्यावी हे कागदावर ठीक. प्रत्यक्षात ती कर्नलच्या सोर्स कोडमध्ये वाढते, दर आवृत्तीला सुधारते. दोन वर्षांपूर्वी एसपीआयमध्ये टाकलेली ट्री नव्या कर्नलला दिलीत तर आवाज जाईल, एचडीएमआय जाईल, आणि लोक शिव्या ओएसला घालतील. यू-बूटने २०२४ पासून कर्नलच्याच ट्री थेट घ्यायला सुरुवात केली, चांगलं आहे, पण फ्लॅशमधली जुनी प्रत त्याने आपोआप बदलत नाही. इमेजबरोबर ट्री असली की निदान कर्नल आणि ती एका घरच्या असतात.

तांबडा_दिवा

ट्रीचा मुद्दा खरा आहे. पण त्यासाठी अख्खी इमेज वेगळी कशाला? सगळ्या ट्री इमेजमध्येच ठेवा, यू-बूटने आपल्या बोर्डाची फाइल नावाने उचलावी. रास्पबेरी पाय नेमकं हेच करतो. फॅट पार्टिशनमध्ये सगळ्या मॉडेलांच्या ट्री असतात, फर्मवेअर हवी ती निवडतं. म्हणून ३२ बिटची एकच इमेज २०१२ च्या पहिल्या पायपासून पाय ५ पर्यंत चालते.

गाभारा

एकाच कंपनीचं घर आहे ते, फर्मवेअर त्यांचं, बंद. घरातल्या घरात एकी सोपी असते.

संगणकाच्या_बाई

मला तुमचे केबी कळत नाहीत असं नाही, पण जरा माझ्या प्रयोगशाळेत या. देणगीत आलेले बारा बोर्ड, पाच जातींचे. आठवीतली मुलं. मला साइटवर बोर्डाचं नाव दिसतं, त्याखाली एक फाइल, ती लिहायची, झालं. 'आधी एसपीआयमध्ये यू-बूट टाका' हे मी बारा वेळा करायचं? मध्येच लाइट गेली तर? आमच्याकडे जाते.

आणि पाच जातींपैकी तिघांवर एसपीआय नाहीच, तुमच्या 'ज्या बोर्डावर आहे' या शब्दांत ते बसत नाहीत.

तांबडा_दिवा

बाई, हा मुद्दा मी पहिल्या पोस्टमध्ये मांडायला हवा होता, चूक झाली. एसपीआय नसेल तिथे डेबियनच्या इन्स्टॉलरची रीत घ्यावी. ते दोन तुकडे ठेवतात: बोर्डाच्या नावाचा छोटा फर्मवेअरचा आणि सगळ्यांना सामाईक मोठा. झेडकॅट कमांडने एकामागे एक ओतले की इमेज तयार. फेडोरा लिनक्सचं आर्म-इमेज-इन्स्टॉलर याहून सोपं: इमेज एकच, बोर्डाचं नाव सांगा, कार्डावर योग्य जागी यू-बूट तेच लिहितं.

मुलांना तुकडे दिसायची गरज नाही. साइटवर बोर्डाच्या नावाची फाइल असू दे, मागे सर्व्हरने ती जोडून द्यावी.

पेटीवाला

हे असेल तर माझा विरोध अर्धा गळाला. इमेज किती हा प्रश्नच मला गौण वाटतो, बांधायची कृती किती सोपी ते बघा. योक्टो या इमेज बांधायच्या साधनाने पहिल्यांदा बांधायला बसलो तर लॅपटॉप दुपारभर भट्टीसारखा तापतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या इमेजबिल्डरमध्ये पॅकेजं आधीच कंपाइल केलेली, मी राउटरची प्रोफाइल आणि पॅकेजांची यादी देतो, चहा होईपर्यंत फाइल हातात. शंभर बोर्डांच्या शंभर फायली झाल्या तरी कोणाचं काही बिघडत नाही.

तांबडा_दिवा

बिघडतं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं की शंभर फायली पुन्हा बांधायच्या, आणि त्यातल्या चाळीस जणांना सांभाळणारं कोणी उरलेलं नसतं. मग त्या वर्षभर तशाच पडून.

गाभारा

सामाईक तुकडा बदलला आणि फर्मवेअरचा जुनाच राहिला तर चाळीस अनाथ बोर्ड तरीही अनाथच. फक्त आता ते नवीन दिसतील. रॉकचिपच्या आरके३५८८ चिपची रॅम सुरू करणारा भाग तर बंद बायनरी आहे, तो कोण दुरुस्त करणार?

तांबडा_दिवा

तो कोणीच नाही. पण त्याच्या वरचं ओपनएसएसएल तरी ताजं राहील की नाही?

संगणकाच्या_बाई

ते जोडून देणारं बटण कोण लिहितंय मग? माझ्याकडे पाच जातींचे बोर्ड आहेत, शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते. सिरीयल केबल मात्र घेऊन या, आमची तुटली आहे.