पहिल्या संग्रहावर सगळे रडले, पण कविता कोणी वाचली?

कोथरूडची वाचक
माझ्या जवळच्या मैत्रिणीचा पहिला कवितासंग्रह मागच्या महिन्यात आला. तिचं आणि पुस्तकाचं नाव लिहीत नाहीये, तिला विचारूनच धागा काढलाय आणि तिची तेवढी एकच अट आहे. साठेक कविता आहेत, जवळजवळ सगळ्या वडिलांवर. काकांना सहा वर्षांपासून अल्झायमर आहे, ते तिच्याकडेच असतात, आणि तिने काही म्हणजे काही लपवलेलं नाहीये. त्यांना अंघोळ घालणं, त्यांचं रात्री कडी काढून रस्त्यावर जाणं, तिला स्वतःच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारणं, आणि एका कवितेत तर एकदा वैतागून तिने त्यांच्या हातावर फटका मारला तेसुद्धा.

टिळक रोडवर छोटंसं प्रकाशन झालं. तिघं वक्ते होते आणि तिघंही तिने बापाची किती सेवा केली यावरच बोलले, कवितेवर एक वाक्य नाही. मागे दोन बायका रडत होत्या. सही घ्यायला आलेला प्रत्येक जण "किती सोसलंस गं", "स्वतःची काळजी घे". व्हॉट्सॲपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग. एका नातेवाइकांनी तर पुस्तकातली आत्या म्हणजे नक्की कुठली हे विचारायला फोन केला.

मला खरंच राग आलाय. तिने चार वर्षं या कविता घासल्यात, मी समोर बसून बघितलंय, एका शब्दासाठी आठ-आठ दिवस अडून बसायची. त्यात नखांवरची एक कविता आहे. ती वडिलांची नखं काढतेय, त्यांना तिचं नाव आठवत नाही, घर आठवत नाही, पण बाहेर दिवेलागण होते आणि ते हात मागे घेतात, कारण तिन्हीसांजेला नखं काढायची नाहीत हे त्यांच्या आईने सांगितलेलं आतमध्ये अजून शिल्लक आहे. बारा ओळी. दुःख, वेदना, अश्रू असला एकही शब्द नाही. या कवितेबद्दल तिला आजपर्यंत एक माणूस एक अक्षर बोललेला नाही!

मला वाटतं की फार खासगी लिहिलं की लोक कविता सोडून कवयित्रीला वाचायला लागतात आणि सांत्वन करून मोकळे होतात. ते वाचन नाही. तुम्हाला काय वाटतं?

सहकारनगर पहाटे
अजिबात पटलं नाही. मी ते पुस्तक वाचलंय, वर्णनावरून लगेच ओळखलं. माझी आई पाच वर्षं याच आजारात आहे. रात्री दीड वाजता, ती झोपल्यावर, स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि रडले, आणि दुसऱ्या दिवशी ओळखीतून नंबर मिळवून तुमच्या मैत्रिणीला फोन करून "काळजी घे" असंच म्हणाले. म्हणजे तुमच्या हिशेबाने मी कविता वाचलीच नाही का? फटका मारल्याची कविता वाचली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी एकटी नाहीये. मी पण मारलंय. हे मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. एवढं जिने माझ्याकडून काढून घेतलं ती कविता मी वाचली नाही असं कोणी म्हणत असेल तर मला नाही पटत. शब्दांवर बोलता येणं ही शिकलेल्या लोकांची सोय आहे, ज्यांना ते येत नाही ते रडतात, आणि वारीत तुकोबांचे अभंग म्हणताना लाखो लोक रडतात तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही की बाबांनो रचनेकडे लक्ष दिलंत का.

निवृत्त मास्तर
तुकोबांचं नाव निघालंच आहे तर बोलतो. ३१ वर्षं मराठी शिकवलं आहे. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली आणि ते त्यांनी स्वतःच्या अभंगात सांगितलंय : "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥" याहून खासगी काय असतं? पण बघा, त्यात हाय हाय नाही, छाती पिटणं नाही. 'अन्न' हा शब्द दोनदा येतो, आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा ती बाई आपल्याला ऐकू येते. चारशे वर्षांनंतर वाचक हलतो तो त्या दोनदा आलेल्या शब्दामुळे. बायको गेलेले पुरुष त्या दुष्काळात हजारोंनी असतील.

म्हणून धाग्याच्या मूळ मुद्द्याशी सहमत आहे. आणि ही खोड आजची नाही. इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले, 'शेला' १९५१ साली आला, आणि तेव्हापासून आम्ही मास्तर लोकांनी त्यांची कविता विरहाची म्हणून शिकवली. मीही तसंच शिकवलं. त्यांच्या ओळीत पाऊस, माती, दारातलं झाड कसं येतं, एखादी ओळ अचानक कशी थांबते, हे मुलांना दाखवायच्या आधीच मी सांगून टाकायचो की पती गेले हो. मुलं लगेच उदास चेहरा करायची आणि कविता संपायची. याचं मला आज वाईट वाटतं.

आता दुसरं, जे आवडणार नाही. हा संग्रह मला एका विद्यार्थिनीने आणून दिला म्हणून वाचला. साठांतल्या किमान वीस कविता नको होत्या. मी थकले, मी रिकामी झाले, रात्र सरत नाही, अशा. ज्यांनी रडून कौतुक केलं त्यांनी तिचं नुकसानच केलं, कारण आता तिला वाटणार की याच वीस खऱ्या.

सहकारनगर पहाटे
सर, त्या वीसमधल्याच दोन मी वहीत उतरवून घेतल्यात. तुम्हाला नको होत्या, मला हव्या होत्या.

पर्वतीवाला
मला वेगळंच म्हणायचंय. त्या गृहस्थांना मी ओळखतो, नाव घेत नाही. आमच्या पहाटेच्या ग्रुपमध्ये होते, पंचवीस वर्षं रोज पर्वती. १०३ पायऱ्या मोठ्याने मोजत चढायचे आणि वर पोचल्यावर कुणालाही स्वतःच्या पैशाचा चहा देऊ द्यायचे नाहीत. शर्टाला कडक इस्त्री, रिटायर झाल्यावरसुद्धा. अशा माणसाला अंघोळ घालतानाची कविता मी वाचली, त्यात त्यांचं शरीर, त्यांचं घाबरणं, सगळं आहे, आणि मी पुस्तक मिटलं. पुढे उघडलं नाही. त्यांना कुणी विचारलं का? ते हो म्हणू शकत नाहीत आणि नाही पण म्हणू शकत नाहीत. मुलीचं दुःख खरं आहे, तिचे कष्ट मोठे आहेत, मी मान्य करतो, पण जो माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही त्याची लाज चारशे लोकांच्या हातात देणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही सगळे शब्दांवर भांडताय, मला तो माणूस दिसतोय.

कोथरूडची वाचक
पर्वतीवाला दादा, हे वाचून पाच मिनिटं काहीच टाइप करता आलं नाही. तिलाही हाच प्रश्न पडला होता, अंघोळीची कविता तिने दोनदा काढून टाकली होती आणि दोनदा परत घातली. मी तिला घाल म्हणाले होते, तेव्हा त्याची जबाबदारी थोडी माझीपण आहे. पण एक विनंती, पुस्तक परत उघडा आणि शेवटून चौथी कविता वाचा. त्यात काका पलंगाभोवती फिरतायत आणि पायऱ्या मोजतायत. १०३ झाल्यावर थांबतात आणि घाम पुसतात. तुम्ही जो माणूस ओळखता तो तिथे आहे.

@सहकारनगर पहाटे, ताई, तुमचा फोन तिला आला होता हे मला माहीत आहे, तिने मला सांगितलंय. तुमच्यावर राग नाहीये माझा. राग स्टेजवरच्या लोकांवर आहे ज्यांचं कामच कवितेवर बोलणं होतं.

एक संग्रह छापलेली
मी वाचूनच जाणार होते पण राहवलं नाही. माझा पहिला संग्रह नऊ वर्षांपूर्वी आला, स्वतःचे पैसे घालून तीनशे प्रती काढल्या. तोही खासगीच होता, माझं मूल जन्मायच्या आधी गेलं त्यावरचा. मला "काळजी घे" पण कुणी म्हणालं नाही. लोक विषय बदलायचे. सासरच्यांनी पुस्तक कपाटात पाठमोरं ठेवलं. दीडशे प्रती अजून दिवाणाखाली आहेत. तेव्हा ज्यांना रडणारे वाचक मिळाले त्यांनी तक्रार करू नये असं म्हणत नाही मी, पण रडणारा वाचक ही काय चीज असते ते मला विचारा.

आणि मास्तर सर, पहिल्या पुस्तकात वीस कविता जास्तच असतात हो. त्या आधी बाहेर आल्याशिवाय बाकीच्या चाळीस सुचत नाहीत, निदान माझ्या तरी सुचल्या नाहीत.

निवृत्त मास्तर
ताई, तुमचं वाचून थांबलो. सुचण्यासाठी त्या वीस लिहाव्या लागतात हे शंभर टक्के मान्य, छापाव्या लागतात का एवढाच प्रश्न. पण तुमच्या दिवाणाखालच्या प्रतींपैकी एक मला विकत हवी आहे, आणि वाचून जे वाटेल ते मी खरं खरं कळवीन, चालेल का सांगा.

बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. सोपानदेवांनी जेव्हा आईच्या कवितांची वही अत्र्यांना दाखवली तेव्हा अत्रे नुकतीच आई गेलेल्या मुलाचं सांत्वन करून थांबू शकले असते. ते कवितेवर भाळले आणि त्या छापल्याच पाहिजेत म्हणून मागे लागले. म्हणून आज ती कविता आपल्याकडे आहे. तशा वाचकाची वाट प्रत्येक पहिलं पुस्तक बघत असतं.

एक संग्रह छापलेली
चालेल सर. खरं खरंच कळवा.

वॉर्डातून
मी म्हाताऱ्या पेशंट्सच्या वॉर्डात नर्स आहे, कवितेतलं फारसं कळत नाही. पण ती नखांची कविता इथे वाचली (म्हणजे कोथरूडच्या ताईंनी सांगितली तेवढीच) आणि चमकले. या आजारात नवीन आठवणी आधी जातात, लहानपणच्या बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात, आणि संध्याकाळी पेशंट जास्त बिथरतात, त्याला सनडाउनिंग म्हणतात. आमच्याकडे दिवे लावायच्या वेळी हात ओढून घेणारे आजोबा होते. आम्ही समजत होतो चिडलेत. त्यांची नखं आम्ही नेमकी संध्याकाळच्या ड्यूटीला काढायचो. हे आधी डोक्यात आलं असतं तर सकाळी काढली असती. हे वाचन आहे का सांत्वन ते मला माहीत नाही.

सहकारनगर पहाटे
वॉर्डातून, तुम्ही मला हे लिहून फार मोठी मदत केलीत. आई रोज सहा-साडेसहाला घरी जायचंय म्हणून दाराशी जाते. मी तिला रोज समजावत बसते की हेच घर आहे.

आणि कोथरूडच्या ताई, एक कबूल करते. नखांची कविता मी वाचली होती पण पुढे गेले होते, कारण त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. आज परत वाचली. त्यांनी हात मागे घेतल्यानंतर ती काय करते ते कवितेत नाहीच, नेलकटर हातात तसंच राहतं आणि कविता संपते. मला आधी वाटलं छापायचं राहिलं. आता वाटतंय बरं झालं सांगितलं नाही ते.

कोथरूडची वाचक
ताई हेच!! हेच मला त्या दिवशी टिळक रोडवर कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

पर्वतीवाला
शेवटून चौथी वाचली. तीनदा वाचली. पायऱ्यांमध्ये ते जिथे दम खायचे ती जागा बरोबर आहे, पंचेचाळीसनंतर. हे तिला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं, म्हणजे ती लहान असताना बरोबर येत असणार. अंघोळीच्या कवितेबद्दल माझं मत बदललेलं नाही, ती नको होती. पण रविवारी त्यांना भेटायला जातोय. दोन वर्षांत गेलो नव्हतो, ओळखणार नाहीत म्हणून.

निवृत्त मास्तर
एक तांत्रिक शंका, कवयित्रीपर्यंत पोचवता आली तर पोचवा. नखांच्या कवितेत 'हात' या शब्दाशी ओळ तुटते आणि पुढची ओळ एका शब्दाची आहे. मुक्तछंदात हल्ली ओळी कुठेही तोडतात, त्यामुळे मला ती आधी फॅशन वाटली. इथे काही कारण आहे का?

कोथरूडची वाचक
सर, आत्ता फोन करून विचारलं. ती आधी खूप वेळ गप्प होती, मग म्हणाली की पुस्तक आल्यापासून ओळीबद्दलचा हा पहिला प्रश्न आहे. तिचं उत्तर असं की खरंच त्या संध्याकाळी काकांनी हात झटकून मागे घेतला होता, ती रात्री लिहायला बसली तेव्हा त्या शब्दापाशी पेन आपोआप उचललं गेलं, आणि नंतर चार वर्षं ती ओळ जोडायचा प्रयत्न करून बघितला पण प्रत्येक वेळी काकांचा हात तिच्या हातातच राहायला लागला, म्हणून तुटलेलीच ठेवली.

निवृत्त मास्तर
मग ती ओळ बरोबर आहे. शंका मागे घेतो. वीस कवितांबद्दलचं मत कायम, तेही तिला कळवा.

वॉर्डातून
हे पुस्तक कुठे मिळेल? अप्पा बळवंत चौकात विचारलं तर नाव काय सांगू, तुम्ही तर नाव सांगत नाही आहात.

कोथरूडची वाचक
मेसेज करा, माझ्याकडची प्रत वॉर्डात आणून देते. वाचून परत मात्र द्या, पेन्सिलच्या खुणा केल्यात मी त्यात.