‘द सिम्स २’ आणि ‘द सिम्स ४’ : फरक खरा, की लहानपणीच्या आठवणींचा?

तापीकाठ, चोपडा

शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावला मामांकडे ‘द सिम्स २’ खेळण्यात माझ्या दुपारच्या दुपारी गेल्या. हा संगणकावरचा खेळ; त्यात माणसे तयार करून त्यांचे घर आणि कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या चालवायचे. ‘द सिम्स ४’ हा मूळ खेळ (विकतचे जादा पॅक सोडून) ऑक्टोबर २०२२ पासून मोफत मिळतो, म्हणून तो आता घेतला. चेहरे सुबक आहेत आणि घर बांधणे फार सोपे झाले आहे. मात्र तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचल्यावर लक्षात आले की पहिल्या पिढीतले आजोबा कसे होते, हे मला आठवतच नाही. जुन्या खेळातल्या माझ्या कुटुंबाची नावे अजून पाठ आहेत. हा फरक खेळाच्या रचनेत आहे, की केवळ माझ्या तेव्हाच्या वयात?

भुसावळकर

ताई, फरक रचनेतच आहे. २००० साली आलेल्या पहिल्या भागात मोठी माणसे म्हातारी होत नसत. २००४ च्या दुसऱ्या भागात माणूस जन्मतो, थकतो, मरतो, आई-वडिलांचे नाकडोळे मुलांत उतरतात, आणि लग्न, मृत्यू, भांडण अशा प्रसंगांच्या आठवणी त्याच्याजवळ कायम राहतात. चौथ्या भागात भावनांना मोठे स्थान आहे, पण जवळचे माणूस गेल्याचे दुःख थोड्याच दिवसांत ओसरते आणि भिंतीवरची सुंदर चित्रेही मन प्रसन्न करू शकतात. मला ते अजून पटलेले नाही.

शिवाय दुसऱ्या भागात फ्रिजमधला किराणा संपत असे. मग फोन करून तो मागवा, नाहीतर दुकानात जा. कामावर न्यायला गाडी दाराशी येऊन हॉर्न वाजवी, आणि नेमका त्याच वेळी घरधनी आंघोळीला गेलेला असला की माझा जीव खालीवर होई. चौथ्या भागात वेळ झाली की माणूस चालत निघतो आणि दिसेनासा होतो. माणसे लक्षात राहतात ती अशा धावपळीमुळे, असे माझे ठाम मत आहे.

धुळ्याची वाचक

कुटुंबाच्या बाबतीत भुसावळकर दादांचे म्हणणे मान्य आहे, पण घर बांधण्यात जुना भाग नव्याच्या जवळपासही येत नाही. शिरपूर तालुक्यातले आमचे धाब्याचे घर मी चौथ्या भागात उभे केले आहे: जाड मातकट भिंती, मधे अंगण, आणि वरच्या सपाट धाब्यावर ओळीने मांडलेल्या खाटा, कारण मे महिन्यात आम्ही सगळे तिथेच झोपायचो. वर जायला शिडीही लावली आहे. ती सोय पुढे एका मोफत अपडेटमध्ये आली.

अडचण एकच झाली. एका कुटुंबात आठच माणसे बसतात आणि आम्ही अकरा जण. डिसेंबर २०२३ च्या ‘फॉर रेंट’ या विकतच्या पॅकमुळे एकाच जागेत वेगवेगळी बिऱ्हाडे करता येतात, म्हणून काकांचे बिऱ्हाड शेजारच्या दोन खोल्यांत नेले. आजी मात्र आमच्याकडेच ठेवली. तुलना करताना हेही ध्यानात घ्यावे की २०१४ मध्ये चौथा भाग आला तेव्हा त्यात रांगती-दुडदुडती मुलेच नव्हती, ती जानेवारी २०१७ मध्ये मिळाली; त्यामुळे ज्यांनी तो सुरुवातीलाच सोडला, त्यांनी आजचा खेळ पाहिलेलाच नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी

तिसऱ्या भागाबद्दल (२००९) कोणीच लिहिले नाही. त्यात सारे गाव एकसंध उघडे असते, शेजाऱ्याच्या दारात जाताना खेळ लोड होण्यासाठी मधे थांबावे लागत नाही. पण विंडोजवर तो ३२ बिटचा, म्हणजे संगणकाची थोडीच मेमरी वापरू शकणारा, असल्याने खेळ लांबला, माणसे वाढली, की अडखळू लागतो.

तापीकाठ ताई, पहिले दोन्ही भाग ३१ जानेवारी २०२५ रोजी नव्या संगणकांसाठी पुन्हा विक्रीस आले आहेत, त्यामुळे जुनी सीडी शोधण्याची गरज नाही. दुसरा भाग घेतलात तर एक लक्षात असू द्या: त्यात खेळ आपोआप सेव्ह होत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी डेस्कटॉपवर खेळताना भरदुपारी वीज गेली आणि जुळ्यांच्या जन्मापासूनचे सगळे पुन्हा खेळावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक जेवणानंतर सेव्ह करतो.