फेअरट्रेडच्या शिक्क्याचा लाभ कॉफी उत्पादकाला खरोखर होतो का?

प्रश्न

कॉफीच्या पाकिटावर फेअरट्रेडचा, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव दिल्याची ग्वाही देणाऱ्या प्रमाणपत्राचा, शिक्का असला, की आपण थोडे जास्त पैसे मोजतो आणि ते उत्पादकापर्यंत पोचत असतील असे गृहीत धरतो. 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये मॅक्स हॅवेलार या नावाने असा शिक्का प्रथम बाजारात आला आणि मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील आदिवासी उत्पादकांच्या सहकारी संस्थेची कॉफी त्याखाली विकली गेली. त्यामागच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु आपण दिलेला जादा पैसा नेमका कोणाच्या हाती पडतो, आणि प्रमाणपत्र नसते तर त्या उत्पादकाची स्थिती खरोखर अधिक वाईट असती का, हे मला समजून घ्यायचे आहे. मुळातच सुस्थितीत असलेल्या संस्थांनी प्रमाणपत्र मिळवले असेल, तर त्यांच्या सुस्थितीचे श्रेय प्रमाणपत्राला देणे योग्य ठरणार नाही.

प्रतिसाद १

प्रथम हे लक्षात घ्यावे, की दुकानातील किंमत या व्यवस्थेच्या कक्षेत येतच नाही. न भाजलेल्या कॉफीसाठी सहकारी संस्थेला किमान किती भाव द्यायचा एवढेच ती ठरवते. पुढे भाजणारा आणि विकणारा आपापला नफा किती ठेवतात यावर तिचे बंधन नाही. त्यामुळे ग्राहकाने दिलेला जादा पैसा आणि संस्थेला मिळालेला जादा पैसा या दोन वेगळ्या रकमा आहेत.

धुतलेल्या (म्हणजे फळाचा गर पाण्याने काढून टाकलेल्या) अरेबिका जातीच्या कॉफीचा किमान भाव 2011 पासून पाउंडाला 1.40 डॉलर होता आणि 2023 मध्ये तो 1.80 डॉलर झाला. बाजारभाव त्याहून जास्त असेल, तर बाजारभाव द्यावा लागतो. याशिवाय पाउंडामागे 20 सेंट सामाजिक निधी म्हणून मिळतात आणि त्यांचा विनियोग सभासदांनी सर्वसाधारण सभेत ठरवायचा असतो. एका कपाला सुमारे 12 ग्रॅम न भाजलेली कॉफी लागते असे धरले, तर एका पाउंडात साधारण 38 कप होतात. म्हणजे या निधीचा वाटा कपामागे जेमतेम अर्धा सेंट पडतो. एका कपासाठी आपण काय मोजतो याच्याशी हा आकडा ज्याने त्याने ताडून पाहावा.

तरीही ही व्यवस्था निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. कोणत्या देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवून भाव सांभाळणारी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटा पद्धत 1989 मध्ये मोडली, त्यानंतरच्या वर्षांत भाव कमालीचे अस्थिर झाले आणि 2001 मध्ये बाजारभाव पाउंडाला 50 सेंटच्याही खाली गेला. त्या वेळी फेअरट्रेडचा किमान भाव 1.21 डॉलर होता. कित्येकांना तोडणीचा खर्चही निघत नव्हता, अशा काळात प्रमाणित विक्री करणाऱ्या संस्थांना दुपटीहून अधिक भाव मिळाला, आणि ज्याच्यावर ती वेळ आली त्याच्यासाठी हा फरक जमीन टिकवण्याचा किंवा विकण्याचा होता. उलट, फेब्रुवारी 2025 मध्ये बाजारभाव 4 डॉलरच्या पुढे गेला होता, तेव्हा किमान भावाला काहीच काम उरले नव्हते. अशा तेजीत व्यापारी शेताच्या बांधावर रोख पैसे मोजतात, सभासद संस्थेला सोडून त्यांनाच माल देतात आणि आधी केलेला पुरवठ्याचा करार पाळताना संस्था अडचणीत येते.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. प्रमाणपत्र मिळाले म्हणून सगळा माल त्या भावाने विकला जातोच असे नाही. खरेदीदार मागतील तेवढाच माल फेअरट्रेड म्हणून जातो, उरलेला साध्या भावाने विकावा लागतो, आणि तपासणीचे शुल्क व नोंदी ठेवण्याचा खर्च मात्र टळत नाही. ग्वाटेमालातील सहकारी संस्थांच्या व्यवहारांवर आधारलेला द जानव्री, मॅकिंटॉश आणि सादुले या अर्थतज्ज्ञांचा 2015 चा अभ्यास याच कारणाकडे बोट दाखवतो: लाभ दिसताच अधिक संस्था प्रमाणपत्र घेतात, प्रमाणित मालाचा पुरवठा मागणीच्या पुढे जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा लाभ विरत जातो.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. परंतु ‘उत्पादक’ या शब्दात कोण कोण येते हे पाहिल्याशिवाय चर्चा पुरी होत नाही. फळे तोडणारा माणूस पुष्कळदा भूमिहीन असतो आणि संस्थेचा सभासद नसल्यामुळे सर्वसाधारण सभेत त्याला मत नसते. लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेतील संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात केलेल्या पाहणीचा अहवाल 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. फेअरट्रेड संस्था असलेल्या ठिकाणी शेतमजुरांची मजुरी अधिक तर नव्हतीच, पुष्कळदा ती इतर ठिकाणांपेक्षा कमी होती, असे त्यात आढळले. अल्पभूधारकांची तुलना मोठ्या मळ्यांशी केल्याचा आक्षेप फेअरट्रेडने घेतला आणि तो विचारात घ्यायला हवा; पण त्यामुळे मजुराचा प्रश्न निकालात निघत नाही. स्वतःच कसाबसा तग धरून असलेला अल्पभूधारक मजुरी वाढवील ही अपेक्षा मला अवास्तव वाटते. ज्यांचे हात सर्वाधिक राबतात त्यांचा विचार या रचनेत उशिरा झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आधीच सुस्थितीतील संस्थांबद्दलची माझी शंका कोणी तपासली आहे का?

प्रतिसाद ३

कोस्टा रिकाच्या कॉफी गिरण्यांची अनेक वर्षांची आकडेवारी घेऊन द्रागुसानू, मोंतेरो आणि नन या अर्थतज्ज्ञांनी हेच तपासले. त्यांचा लेख 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच गिरणीची प्रमाणपत्रापूर्वीची आणि नंतरची स्थिती पाहिल्यामुळे तुमची शंका बरीचशी दूर होते. प्रमाणपत्रानंतर विक्रीचा भाव वाढला आणि शेतमालकांचे उत्पन्नही वाढले, अकुशल मजुरांना लाभ झाला नाही आणि मध्यस्थांचे उत्पन्न घटले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे लाभ खरा आहे, पण तो जमीन असलेल्यापाशी थांबतो.

भावाव्यतिरिक्त आणखी एक तरतूद मला मोलाची वाटते. संस्थेने मागणी केल्यास खरेदीदाराने कराराच्या रकमेच्या 60 टक्क्यांपर्यंत उचल देण्याची किंवा ती मिळवून देण्याची सोय या नियमांत आहे. हंगामाच्या तोंडावर पैसा नसलेला शेतकरी सावकाराकडे किंवा मिळेल त्या भावाने माल उचलणाऱ्या दलालाकडे वळतो, आणि तेथेच त्याचे वर्षाचे गणित बिघडते.

खरेदी करताना शिक्का कोणाचा आहे हेही पाहावे. फेअर ट्रेड यूएसए ही अमेरिकेतील प्रमाणपत्र देणारी संस्था 2011 च्या अखेरीस फेअरट्रेड इंटरनॅशनल या आंतरराष्ट्रीय संघटनेपासून वेगळी झाली आणि मोठ्या मळ्यांची कॉफीही प्रमाणित करू लागली. फेअरट्रेड इंटरनॅशनल मात्र कॉफीसाठी केवळ अल्पभूधारकांच्या संस्थांनाच प्रमाणपत्र देते. शक्य असल्यास भाजणाऱ्या कंपनीला दोन गोष्टी विचाराव्यात: कॉफी कोणत्या संस्थेकडून घेतली, आणि त्या संस्थेशी सलग किती वर्षांचा करार आहे.