वर्ध्यात पाहुणा आला तर काय खाऊ घालायचं?

धामकाठचा

मागच्या महिन्यात पुण्याहून चुलतभावाची पोरं दोन दिवस आली होती. "काका, इथलं चांगलं हॉटेल कोणतं?" म्हणाली. मी बायपासवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये नेलं. एसी, सोफे, जाडजूड मेनूकार्ड. पनीर बटर मसाला, तंदुरी रोटी, जीरा राइस. जेवण वाईट नव्हतं. पण स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा मोठा म्हणाला, "काका, हे तर आम्ही कोथरूडलाही खातो." ते मला फार लागलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आपल्या गावात हॉटेल कोणतं हे विचारूच नये, किती वाजले ते पाहावं. सकाळी आठच्या आत तर्री पोहे. पोह्याचं पातेलं वाफेवर असते, शेजारी हरभऱ्याची तर्री उकळत असते. पोहेवाला पळी तळापर्यंत घालून आधी हरभरे उचलतो, मग वरचा लाल कट वेगळा घेतो. तर्री कमी की जास्त, ते त्याच क्षणी सांगायचं. वरून चिवडा, कांदा, लिंबाची फोड. दहा वाजले की पोहे कोरडे पडतात अन् तर्रीत पाणी वाढलेलं असते. मग ते मागवूच नये.

चार वाजता मूगवडे किंवा आलूबोंडे, तेही कढईतून निघतील ते, परातीत पडलेले नाही. रात्री पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, नाहीतर सावजी मटण. अन् गाडीत बसण्याआधी गोरस भांडारचा गोरसपाक, गाईच्या तुपातली बिस्किटं. तो डबा नेला नाही तर वर्ध्याला आल्यासारखं होतच नाही. आता सांगा, या सगळ्यात पनीर बसते कुठे?

हॉटेलवाल्याचा मुलगा

दादा, पनीरवर तुमचा राग आहे, पण आमची बाजूही ऐका. जिल्ह्यात दारूबंदी आहे. दुसरीकडच्या हॉटेलांना बारचा आधार असतो, आमचं सगळं पोट एका भटारखान्यावर. रविवारी माझ्याकडे सेलू, देवळी, पुलगावची कुटुंबं येतात. ती वहिनी सहा दिवस घरी बेसन, वरण, वांग्याची भाजी रांधते. सातव्या दिवशी तिला दुसऱ्याच्या हातचं आणि वेगळं काहीतरी पाहिजे असते. तिच्यापुढे मी पाटोडी ठेवू? तुमचा पाहुणा वर्षातून एकदा येतो, ती वहिनी महिन्यातून दोनदा येते.

अन् पाटोडी आम्ही ठेवून पाहिली आहे. बेसन घोटायचं, ताटाला तेल लावून थापायचं, वड्या पाडायच्या, इथपर्यंत ठीक. पण वड्या रश्शात आधीच सोडल्या तर फुगून त्यांचा लगदा होतो. गिऱ्हाईक बसलं की मगच सोडाव्या लागतात. रोज दहा प्लेटची तयारी करायची अन् तीन विकायच्या. उरलेलं बेसन दुसऱ्या दिवशी मी तरी वाढत नाही.

हिंगणघाटची लेक

वहिनीबद्दल हॉटेलवाले दादा बोलले ते शंभर टक्के खरं आहे. "बाहेर जाऊन घरचंच खा" हे ज्याला रोज चुलीपुढे उभं राहावं लागत नाही तोच म्हणू शकतो.

पण धामकाठच्या भाऊंवर माझा दुसराच आक्षेप आहे. सकाळी तर्री, रात्री रस्सा, म्हणजे विदर्भ म्हणजे लाल तेल असंच पाहुणा समजून जातो. माझ्या सासरची माणसं पश्चिम महाराष्ट्रातली. त्यांना वाटायचं आम्ही तिखटाशिवाय काही खातच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी गोळाभात केला. भिजवून भरड वाटलेल्या डाळीचे गोळे भातातच शिजवायचे, ताटात गोळा फोडून भातात कालवायचा अन् वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. सोबत पातळ कढी. सासरे तीनदा भात मागून जेवले. त्यात लाल काहीच नव्हतं. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, कढीगोळे, यातलं एक तरी तुमच्या यादीत आहे का? नाही, कारण ते हॉटेलात मिळतच नाही. मग घड्याळ पाहून उपयोग काय?

समुद्रपूरचा शेतकरी

भाऊ, एक गोष्ट सांगतो, राग नका मानू जी. सावजी आपली नोहे. ते नागपूरच्या हलबा कोष्ट्याईचं जेवण हाय. मागावर दिवसभर खपणारी माणसं होती ते. त्याईचा मसाला भाजून वाटलेला राहते, खसखस, दगडफूल, काळे मिरे, सारं बेतानं. आता पाहा तं कोन्याही फाट्यावर सावजीची पाटी. आत जाऊन पाहा, नुसतं तिखट अन् तेल. मी मागच्या साली एका ठिकाणी जेवलो, दोन दिवस पोट धरून होतो. तिथं मसाला नोहता, रंग होता.

पाहुण्याले खाऊ घालाचं असन तं हिवाळ्यात वावरात आना. गोवऱ्याईवर कणकीचे रोडगे भाजतो, वांग्याची भाजी करतो. रोडगा राखंतून काढून फडक्यानं पुसाचा, फोडाचा, अन् वरतून तूप. आमच्या इकडच्या वायगावच्या हळदीले भौगोलिक मानांकन भेटलं हाय, त्या हळदीचं वरन करतो. हे कोनत्या हॉटेलात भेटते सांगा.

शेगावकर

मूगवडे-आलूबोंड्यांच्या आधी आमची कचोरी का नाही आली? गाडी शेगावला थांबली की खिडकीतूनच घ्यायची, तळलेल्या हिरव्या मिरचीसोबत.

धामकाठचा

शेगावकर, कचोरी तुमचीच, ती वर्ध्याच्या यादीत घालून मी तुमचा मान कमी करणार नाही. तुमचं शेगाव अन् आमचं सेवाग्राम, या दोन गावांचा घोळ तसाही जुना आहे. सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव होतं. गांधीजींची टपाल तुमच्या शेगावला जायला लागली म्हणून 1940 मध्ये नाव बदललं.

काकाजी, सावजीचं तुमचं म्हणणं मान्य. यादीतून सावजी मटण काढतो, ते नागपूरला जाऊनच खावं. ताई, तुमचाही मुद्दा मी मनावर घेतला. पण गोळाभात हॉटेलात नाही म्हणून पाहुण्याला पनीर द्यायचं, हे मला पटत नाही. दुपारी साध्या भोजनालयात कढी असते, ठेचा असतो. तिथं तरी न्या.

वर्ध्यात आठ दिवस

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. तुम्ही सगळे हौशीनं खाणाऱ्याबद्दल बोलत आहात. वर्ध्यात रोज बाहेरगावचे किती लोक दवाखान्याच्या कामानं येतात! सेवाग्राम, सावंगी, दोन्हीकडे. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आठ दिवस इथं होतो. तेव्हा मला ना पाटोडी पाहिजे होती ना पनीर. तर्री पोहे दोनच दिवस गेले, तिसऱ्या दिवशी जळजळ सुरू झाली.

मला वाचवलं ते एका खानावळीनं. पत्र्याचं शेड, चार बाक. दोन पोळ्या, वरण-भात, एक भाजी. तिसऱ्या दिवसापासून तिथल्या मावशी मला न विचारता भाजीत तिखट कमी घालून वाढायच्या अन् विचारायच्या, "बाबा जेवले का?" वडिलांसाठी मऊ भात अन् बिनफोडणीचं वरण डब्यात द्यायच्या. कुणी मला विचारलं वर्ध्यात कुठं जेवायचं, तर मी त्या खानावळीचा रस्ता सांगतो. धामकाठचे भाऊ म्हणतात घड्याळ पाहा. मी म्हणतो आधी समोरचा माणूस कशासाठी आला आहे ते पाहा.

हिंगणघाटची लेक

दादा, बाबा बरे आहेत ना आता?

वर्ध्यात आठ दिवस

हो ताई. आता बाबा वावरात जातात. जेवताना अजूनही त्या वरणाची आठवण काढतात.

धामकाठचा

तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिलंच नाही. खानावळ माझ्या यादीत सगळ्यात वर पाहिजे होती. मी शिक्षक आहे, पहिल्या नोकरीत तीन वर्षं अशाच एका खानावळीत जेवलो, अन् पाहुण्यांना काय दाखवायचं या विचारात तिलाच विसरलो.

तरी हॉटेलवाल्या दादांना माझं सांगणं सोडत नाही. त्या सेलूच्या वहिनीला पनीर द्या. पण तिच्यासोबत बाहेरगावचा पाहुणा आला अन् त्यानं पाटोडी मागितली, तर "नाही" हे उत्तर ऐकू येऊ नये.

हॉटेलवाल्याचा मुलगा

दोन तास आधी फोन केला अन् निदान चार प्लेट सांगितल्या तर पाटोडी करून देईन. आईच्या हातची. बेसन ताजं घोटू, वड्या तुमच्यासमोर रश्शात सोडू. कढी पाहिजे असेल तर तीही फोनवरच सांगा, हिंगणघाटच्या ताई. पण पनीर कार्डावरून निघणार नाही.